परक्या शहराची मार्गदर्शिका : निवडीचे काही निकष

१. प्रश्नाचे स्वरूप

परदेशातील एखाद्या शहरी जाताना बरोबर कोणती मार्गदर्शिका घ्यावी, हा प्रश्न वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेत येतो असे सहसा मानले जात नाही. तो प्रवासी कंपन्यांचा, फार तर पुस्तकविक्रेत्यांचा प्रश्न, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीचा परिणाम असा झाला की, मराठीत प्रवासवर्णनाची समीक्षा पुष्कळ झाली. परंतु ज्या ग्रंथाच्या आधारे माणूस प्रत्यक्ष वाट शोधतो, त्या ग्रंथाची घडण, त्याची भाषा व त्याचे गुणदोष यांचा विचार फारसा झाला नाही. वस्तुतः मार्गदर्शिका हा एक स्वतंत्र ग्रंथप्रकार आहे. त्याचे स्वतःचे व्याकरण आहे नि त्याच्या मागे एक गृहीत धरलेला वाचक उभा आहे. म्हणून दोन मार्गदर्शिकांतून एकीची निवड करणे हे किंमत व छपाई पाहून उरकण्याचे काम नव्हे. तो एक समीक्षात्मक निर्णय होय.

या विचारासाठी येथे दोन टोके घेतली आहेत : एक लंडन शहर व दुसरे जळगाव जामोद. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मुंबईकडे जाण्यासाठी येथील माणसाला पूर्णा ओलांडून नांदुरा स्थानक गाठावे लागते. अशा गावाहून लंडनला निघणारे प्रवासी मुख्यतः तीन प्रकारचे कल्पिता येतात. पहिला, यात्राकंपनीच्या समूहाबरोबर जाणारा. दुसरा, अभ्यासासाठी जाणारा विद्यार्थी. आणि तिसरे, नोकरीनिमित्त तेथे राहिलेल्या मुलाकडे वा मुलीकडे महिना-दोन महिने जाणारे आईवडील. यांपैकी पहिल्याला पुस्तकाची गरज जवळजवळ नाही. कारण कोठे थांबावे, काय पाहावे व केव्हा जेवावे हे त्याच्यासाठी दुसऱ्याने ठरविलेले असते. खरा प्रश्न उरतो तो दुसऱ्या व तिसऱ्या प्रवाशाचा. मुले कामावर गेल्यानंतर आईवडिलांनी दिवसभर खिडकीशी बसून राहावे की आपल्या पायांनी बाहेर पडून शहर पाहावे, हे पुष्कळदा त्यांच्या हाती कोणते पुस्तक आहे आणि ते कोणत्या भाषेत आहे यावर अवलंबून असते. या प्रश्नाचे महत्त्व एवढ्यावरून लक्षात यावे.

२. प्रवासवर्णन व मार्गदर्शिका

निवडीपूर्वी प्रथम वर्गीकरण झाले पाहिजे. प्रवासवर्णन आणि मार्गदर्शिका यांचा विषय एकच असला तरी दोहोंची भाषिक रचना भिन्न आहे. प्रवासवर्णनाचे क्रियापद प्रायः भूतकाळी असते व त्याचा कर्ता प्रथमपुरुषी असतो. लेखक गेला, त्याने पाहिले, त्याला असे वाटले. तेथील ‘येथे’ म्हणजे लेखक जेथे उभा होता ते स्थळ, आणि ‘आज’ म्हणजे तो जेथे होता तो दिवस. मार्गदर्शिकेत या दोन्ही शब्दांचा अर्थ पालटतो. तिच्यातील ‘येथे’ म्हणजे वाचक ज्या ठिकाणी पुस्तक उघडून उभा राहील ते ठिकाण, व ‘आज’ म्हणजे वाचकाचा आज. प्रवासवर्णनकाराला स्वतःच्या अनुभवाशी प्रामाणिक राहणे पुरेसे असते. मार्गदर्शिकेच्या लेखकाला मात्र आपण नसताना, आपल्या पश्चात, दुसऱ्याच्या पायांखालची वाट अचूक ठेवावी लागते.

या कामासाठी मराठीपाशी एक उत्तम साधन आहे, ते म्हणजे विध्यर्थ. ‘डावीकडे वळावे’, ‘तिकीट आधी काढावे’, ‘दुपारी जाऊ नये’ ही वाक्ये वाचकाला तू, तुम्ही वा आपण असे काहीही न म्हणता सल्ला देतात. इंग्रजी आज्ञार्थातील हुकमाचा सूर त्यांत नाही आणि आर्जवही नाही. व्रतांचे विधी, पाककृतींची पुस्तके, वैद्यकातील पथ्ये, सर्वत्र मराठीने शतकानुशतके हेच रूप वापरले आहे. एकाच वाक्याने वडीलधाऱ्यांना व विद्यार्थ्याला सारख्याच मर्यादेने सांगता येते. मार्गदर्शिका लिहिण्यास भाषा असमर्थ आहे, असे म्हणण्यास त्यामुळे जागाच उरत नाही.

‘गाईड’ हा शब्द मराठीत रूढ झाला तो मात्र दोनच अर्थांनी : एक, स्थळ दाखविणारा माणूस, दुसरा, परीक्षेची तयार उत्तरे देणारे पुस्तक. हे अर्थसंकोचाचे उदाहरण उद्बोधक आहे. दोन्ही अर्थांत विचार करण्याचे काम दुसऱ्यावर सोपविलेले आहे. शहराची चांगली मार्गदर्शिका याच्या नेमकी उलट असते. ती वाचकाला काही काळाने स्वतःचीच गरज भासणार नाही अशा अवस्थेस पोहोचविते.

३. मराठीतील पूर्वपरंपरा

मार्गदर्शिका हा प्रकार पाश्चात्त्यांकडून आला व म्हणून तो मराठीत रुजला नाही, असे विधान करण्याचा मोह होतो. महानुभावांची ‘स्थानपोथी’ समोर ठेवली की हे विधान टिकत नाही. चौदाव्या शतकातील मुनिव्यास यांच्या नावावर असलेला हा ग्रंथ श्रीचक्रधर जेथे जेथे राहिले, बसले वा विसावले त्या स्थानांची नोंद करतो. स्थान गावाच्या कोणत्या दिशेस आहे, देवळाचे दार कोणत्या बाजूस आहे, नदीच्या कोणत्या काठी ते येते, अशा पद्धतीने त्याची मांडणी आहे. हेतू अगदी स्पष्ट आहे. ज्यांनी चक्रधरांना पाहिले नव्हते अशा पुढील पिढ्यांतील अनुयायांना नेमक्या त्याच जागी पोहोचून वंदन करता यावे, यासाठी हा ग्रंथ सिद्ध झाला. ‘लीळाचरित्र’ प्रसंग सांगते, ‘स्थानपोथी’ जागा सांगते. एकाच संप्रदायाने, एकाच भाषेत, वर्णन व मार्गदर्शन यांची अशी स्वच्छ विभागणी इतक्या लवकर केली, ही मराठी गद्याच्या इतिहासातील लक्षणीय घटना मानली पाहिजे. बुलढाणा जिल्ह्याचा या परंपरेशी दुहेरी संबंध आहे. चक्रधरांच्या वास्तव्याने पावन मानलेल्या स्थानांत लोणारचा समावेश होतो. आणि या ग्रंथाचे संपादन करणारे डॉ. वि. भि. कोलते हे याच जिल्ह्यातील मलकापूर तालुक्यातले.

‘स्थानपोथी’चे दोन गुण येथे नोंदविण्याजोगे आहेत. पहिला गुण शब्दसंयमाचा. स्थान रम्य आहे की नाही, याची ती फारशी वास्तपुस्त करीत नाही. वाचकाच्या भक्तीवर तिचा विश्वास आहे व म्हणून विशेषणांची तिला गरज पडत नाही. दुसरा गुण दिशांचा. तिची भाषा डावे-उजवे यांवर उभी नसून पूर्व-पश्चिम-उत्तर-दक्षिण यांवर उभी आहे. डावे-उजवे हे वाचणारा कोणीकडे तोंड करून उभा आहे यावर ठरते. दिशा मात्र कोणासाठीही बदलत नाहीत. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

एकोणिसाव्या शतकात गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३), ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ (१८६८) व आचार्य-शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ (१८८९) असे ग्रंथ झाले. शहर हा ग्रंथाचा विषय होऊ शकतो, हे त्यांनी मराठीत प्रस्थापित केले. त्यांत इतिहास, वस्ती, बाजार, संस्था यांची भरपूर माहिती आहे. तथापि नावांप्रमाणेच ही वर्णने व वृत्तांत आहेत. हातात धरून चालण्यापेक्षा बसून वाचण्यासाठी ती लिहिली गेली. ‘स्थानपोथी’चा धागा त्यामुळे शहरापर्यंत आला, पण मार्गदर्शिकेत परिणत झाला नाही.

४. बेडेकर, मरे आणि गृहीत वाचक

युरोपात या प्रकाराला आधुनिक रूप आले ते दोन प्रकाशकांमुळे. लंडनच्या जॉन मरे यांनी १८३६ मध्ये युरोपखंडाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. जर्मनीतील कोब्लेन्ट्‌सचे कार्ल बेडेकर (१८०१-१८५९) यांनी त्याच सुमारास ऱ्हाइन नदीच्या प्रवासाचे जुने पुस्तक सुधारून आपल्या मालिकेची सुरुवात केली. बेडेकर यांचा उद्देश मोठा मार्मिक होता. प्रवाशाला भाडोत्री वाटाड्यांच्या तावडीतून सोडवावे व त्याला स्वतःच्या बुद्धीने हिंडता यावे, हा तो उद्देश. पाहण्याजोग्या वस्तूंपुढे तारका छापण्याची पद्धतही त्यांनी रूढ केली.

तारकांची ही सोय हळूहळू सत्ता झाली. तारका नसलेली वस्तू पाहण्याची गरज नाही, असा अर्थ वाचक आपोआप घेऊ लागला. ई. एम. फॉर्स्टर यांच्या १९०८ मधील कादंबरीत फ्लॉरेन्सच्या चर्चमध्ये बेडेकर हातात नसल्यामुळे गोंधळलेली नायिका भेटते. पुढे पुस्तकावाचूनच ती आपल्या डोळ्यांनी पाहू लागते. १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या ग्रंथात रोलाँ बार्त यांनी ‘गीद ब्लू’ या फ्रेंच मालिकेवर याहून कठोर टीका केली. अशी मार्गदर्शिका देशाचे रूपांतर स्मारकांच्या यादीत करते, आणि त्या देशात राहणारी, राबणारी माणसे पानांवरून नाहीशी होतात, हा त्यांच्या म्हणण्याचा सारांश. तो आक्षेप आजही लागू पडतो. मात्र त्यावरून मार्गदर्शिकाच नको, असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. ज्याला भाषा येते, पैशाची ददात नाही आणि चुकलो तरी सहज परतता येते, त्यालाच पुस्तक फेकून देण्याची चैन परवडते.

पुढील काळातील मालिका पाहिल्या असता प्रत्येकीमागे एक ठरावीक वाचक दिसतो. आर्थर फ्रॉमर यांचे १९५७ मधील पुस्तक दिवसाला पाच डॉलरांत युरोप पाहू इच्छिणाऱ्या अमेरिकनासाठी होते. १९७३ मध्ये सुरू झालेली ‘लोनली प्लॅनेट’ ही मालिका पाठीवर पिशवी टाकून निघणाऱ्या तरुणासाठी. खुद्द महाराष्ट्राचेही असेच झाले. मरे यांच्या मालिकेत ईस्टविक यांनी १८५९ मध्ये मद्रास व मुंबई इलाख्यांची मार्गदर्शिका लिहिली. तिचा वाचक होता तो या प्रांतात येणारा इंग्रज. येथील माणूस त्या पुस्तकात दाखविण्याचा विषय होता, वाचणारा नव्हता. हीच गोष्ट उलट दिशेने लंडनच्या बाबतीत घडते. लंडनच्या इंग्रजी मार्गदर्शिकेचा गृहीत वाचक जळगाव जामोदचा नाही. यात कोणाचा अन्याय नाही. पण निवड करणाऱ्याने हे अंतर ओळखले पाहिजे, कारण ते त्याला स्वतःच भरून काढावे लागते.

५. मराठी वाचकाचे लंडन

मराठीत हे अंतर भरून काढण्याचे काम प्रवासवर्णनांवर पडले. पंडिता रमाबाई यांचा ‘इंग्लंडचा प्रवास’ १८८३ मधील. तेव्हापासून विलायत हा मराठी प्रवासवर्णनाचा आवडता विषय राहिला आहे. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) या पुस्तकाने तर परदेश कसा पाहावा याची एक दृष्टीच मराठी मध्यमवर्गाला दिली. मीना प्रभू यांचे ‘माझं लंडन’ दीर्घ वास्तव्यातून झालेल्या परिचयातून उतरले असल्यामुळे त्यात शहराच्या इतिहासाची व स्थळांची माहिती अधिक भरीव आहे, आणि लंडनला निघालेल्या मराठी माणसाला ते हमखास सुचविले जाते.

या पुस्तकांच्या वाङ्मयीन योग्यतेविषयी येथे वाद नाही. प्रश्न त्यांच्या उपयोगाचा आहे आणि त्याचे उत्तर त्यांच्या नावांतच मिळते. ‘अपूर्वाई’ हे भाववाचक नाम आहे. ते पाहणाऱ्याच्या मनाची अवस्था सांगते. ‘माझं लंडन’ यातील षष्ठी शहरावर लेखिकेचा आपलेपणा सांगते. ‘स्थानपोथी’ हे नाव मात्र स्थानाचे आहे. पहिल्या दोन पुस्तकांनी जे आश्वासन दिले ते त्यांनी पाळले आहे. त्यांच्याकडून तिसऱ्या पुस्तकाचे काम अपेक्षिणे हा वाचकाचा दोष होय. ही पुस्तके निघण्यापूर्वी वाचावीत. त्यांनी शहराविषयी उत्सुकता निर्माण होते, परकेपणा कमी होतो, काय विचारावे ते कळते. भुयारी रेल्वेच्या फलाटावर मात्र त्यांचा आधार पुरत नाही.

६. तीन कसोट्या : नावे, दिशा, काल

मग फलाटावर आधार देणारे पुस्तक ओळखावे कसे? यासाठी तीन कसोट्या सुचविता येतात.

पहिली कसोटी नावांची. ‘जळगाव’ एवढेच म्हटले तर ऐकणारा खानदेशातील जळगाव समजतो. म्हणून शेजारच्या जामोदचे नाव जोडून गाव ओळखीचे झाले. याच जिल्ह्यातील देऊळगाव राजा, पिंपळगाव काळे ही नावे त्याच पद्धतीची. दुसरे पद हे येथे अलंकार नसून पत्ता आहे. लंडनलाही हीच अडचण आली. एकाच नावाचे रस्ते अनेक झाल्यामुळे १८५७-५८ मध्ये शहराचे टपाल विभाग पाडण्यात आले आणि १९१७ मध्ये त्यांना क्रमांक मिळाले. तरीही घोटाळ्याच्या जागा उरल्या आहेत. ‘एजवेअर रोड’ या एकाच नावाची दोन वेगळी भुयारी स्थानके आहेत, आणि ‘एजवेअर’ हे तिसरे स्थानक तेथून कितीतरी दूर, उत्तरेकडील टोकाला आहे. जळगाव व जळगाव जामोद यांतील फरक ज्याला जन्मापासून ठाऊक आहे, त्याला हे एका वाक्यात समजते. मात्र ते वाक्य पुस्तकात असले पाहिजे.

नावांचा दुसरा प्रश्न उच्चाराचा. लंडनमधील पाट्यांवरची रोमन अक्षरे एकेक जुळवून वाचणाऱ्यास ‘लेसेस्टर’, ‘साउथवार्क’, ‘ग्रीनविच’ असे दिसते. लोकांच्या तोंडून मात्र ‘लेस्टर’, ‘सदर्क’, ‘ग्रेनिच’ असे ऐकू येते. इंग्रजी मार्गदर्शिका हा भेद सहसा दाखवीत नाही, कारण तिच्या लिपीत तो दाखविणे कठीण व तिच्या वाचकाला त्याची गरजही कमी. देवनागरीत तो सहज दाखविता येतो. प्रवाशाला दोन्ही रूपे लागतात : विचारण्यासाठी कानाचे रूप, पाटी ओळखण्यासाठी डोळ्याचे रूप. मराठी मार्गदर्शिकेने केवळ एवढे एक काम केले तरी तिचे अस्तित्व सार्थ होईल. येथे एक इशारा आवश्यक आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीची शिल्पे आहेत, असे वाचल्याबरोबर वऱ्हाडच्या वाचकाला आपल्या शेजारच्या अमरावतीची आठवण होणे स्वाभाविक आहे. ती शिल्पे आंध्रातील कृष्णाकाठच्या अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची होत. इंग्रजी पुस्तकाच्या लेखकाला ही शंका सुचणारच नाही. ती सुचण्यासाठी वाचकाचे गाव ठाऊक असावे लागते.

दुसरी कसोटी दिशांची. खेड्यातील बोलण्यात आजही उगवतीकडचे शेत, मावळतीकडची विहीर असे म्हटले जाते. शहरी शिक्षणाने हे वळण मागासलेले ठरविले. परंतु लंडनच्या भुयारी रेल्वेत फलाटांवरील पाट्या पूर्वेकडे, पश्चिमेकडे, उत्तरेकडे, दक्षिणेकडे अशाच असतात. पॅरिसच्या मेट्रोत मार्गाच्या शेवटच्या स्थानकाचे नाव पाहावे लागते; लंडनमध्ये प्रथम दिशा पाहावी लागते. जमिनीखाली सूर्य दिसत नाही, हे खरे. पण नकाशावर आपले घर व आपले ठिकाण यांची परस्पर दिशा एकदा पक्की केली की, ‘स्थानपोथी’च्या पद्धतीने विचार करणारा माणूस डाव्या-उजव्यावर भिस्त ठेवणाऱ्यापेक्षा कमी चुकेल. म्हणून जी मार्गदर्शिका प्रत्येक स्थळाबरोबर दिशा देते ती अधिक चांगली. भुयारी रेल्वेचा जो प्रसिद्ध नकाशा हॅरी बेक यांनी केला व जो १९३३ मध्ये छापला गेला, तो क्रम दाखवितो, अंतर दाखवीत नाही. लेस्टर स्क्वेअर व कोव्हेंट गार्डन या लगतच्या स्थानकांत केवळ २६० मीटरांच्या आसपास अंतर आहे. तेथे गाडी न पकडता चालत जावे, हे सांगणारे पुस्तक निवडावे.

तिसरी कसोटी कालाची. मार्गदर्शिकेतील वाक्य रीतिवर्तमानात असते : ‘दार दहाला उघडते.’ हे वाक्य नित्य सत्याचा वेष घेते, पण त्याचे सत्य आवृत्तीच्या वर्षापुरते असते. जळगावचेच उदाहरण घेता येईल. १८७० च्या लायल यांच्या वऱ्हाडच्या गॅझेटियरवर विसंबणारा हा तालुका अकोला जिल्ह्यात शोधील. १९०५ मध्ये तो बुलढाण्याला जोडला गेला. लंडनमधील बदल याहून वेगवान आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० नंतरच्या वर्षांत ज्या वाचनालयात तासन्‌तास अभ्यास करीत, ते ब्रिटिश म्युझियमच्या इमारतीत होते. जुनी पुस्तके संशोधकाला तेथेच पाठवितात. तो ग्रंथसंग्रह आता सेंट पँक्रस येथील ब्रिटिश लायब्ररीत आहे. ती वास्तू १९९८ मध्ये खुली झाली. इंडिया ऑफिसचे दप्तर व मराठी हस्तलिखितेही तेथेच पाहावी लागतात. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही चूक अर्ध्या दिवसाची आहे. २०२२ मध्ये एलिझाबेथ लाइन सुरू झाली. २०२४ मध्ये ‘ओव्हरग्राउंड’ या एका नावाखालील मार्गांना सहा निरनिराळी नावे मिळाली. त्यापूर्वीचे पुस्तक हाती असल्यास पाटी व पान जुळणार नाहीत. तेव्हा मुखपृष्ठापूर्वी आवृत्तीचे वर्ष पाहावे, आणि पुनर्मुद्रण व सुधारित आवृत्ती यांतील भेदही पाहावा.

मोबाइलवरील नकाशामुळे या सर्व कसोट्या कालबाह्य झाल्या, असा आक्षेप येईल. नकाशा वाट दाखवितो व क्षणोक्षणी सुधारला जातो, हे त्याचे सामर्थ्य मान्य केले पाहिजे. दारे केव्हा उघडतात हे त्यालाच विचारणे श्रेयस्कर. परंतु कोठे जावे हे आधी ठरल्याशिवाय त्याला विचारता येत नाही. आणि पोहोचल्यावर समोर काय आहे, ते का महत्त्वाचे आहे, हे तो क्वचितच धड सांगतो. निवड व अर्थ ही दोन कामे अजूनही पुस्तकाकडेच राहिली आहेत.

७. कोणाचे लंडन?

निवड म्हटली की निवडणाऱ्याचा पक्ष आला. सर्वसामान्य इंग्रजी मार्गदर्शिकेच्या रचनेत राजवाडे, पूल, संग्रहालये व नाट्यगृहे यांना अग्रस्थान असते. मराठी वाचकाच्या दृष्टीने लंडनचा आणखी एक नकाशा आहे. मेडा व्हेल भागातील १०, हाउली प्लेस या घरावर लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये तेथे राहिल्याची पाटी आहे. १०, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेऊन तेथे स्मारक केले. हायगेटमधील ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू येथे श्यामजी कृष्णवर्मा यांचे इंडिया हाउस होते. तेथे सावरकरांचे वास्तव्य होते. १९३२ मध्ये स्थापन झालेले लंडनचे महाराष्ट्र मंडळ आजही चालू आहे. कामावर गेलेल्या मुलांच्या आईवडिलांना मराठी बोलणारी माणसे तेथे भेटू शकतात, आणि या दृष्टीने त्याचा पत्ता कोणत्याही राजवाड्याच्या पत्त्यापेक्षा अधिक उपयोगी आहे.

बार्त यांचा आक्षेप येथे पुन्हा आठवावा लागतो. मराठी मार्गदर्शिका म्हणजे केवळ ‘आपल्या’ थोर पुरुषांच्या घरांची यादी, असे झाले तर तीही स्मारकांचीच यादी होईल, फक्त स्मारके बदलतील. टिळकांचे घर पाहण्यासाठी मेडा व्हेलला गेलेल्या माणसाने तेथून जवळच असलेला कालवा व त्यावरील वस्तीच्या होड्याही पाहाव्यात. किंग हेन्रीज रोडवरून परतताना प्रिमरोझ हिलच्या टेकडीवर थोडा वेळ बसावे, तेथून शहराचा मोठा भाग दृष्टीस पडतो. ओळखीच्या नावाचा उपयोग अनोळखी शहरात शिरण्याचे दार म्हणून करावा, तेथेच थबकण्यासाठी नव्हे. ब्रिटिश म्युझियमसारख्या संस्थेत कायम संग्रह पाहण्यास शुल्क नाही. तेव्हा एकाच दिवशी सारे पाहण्याचा अट्टाहास न करता, रोज एक दालन असे पंधरा दिवस जावे, हा सल्ला समूहयात्रेला देता येत नाही. महिनाभर राहणाऱ्या आईवडिलांना मात्र तोच द्यावा. पुस्तकाने आपल्या वाचकाचा वेळ, वय व पाकीट ओळखणे याचा अर्थ हाच होय.

८. निष्कर्ष

या विवेचनातून निवडीचे पाच निकष हाती येतात. पुस्तकातील ‘येथे’ व ‘आज’ वाचकाचे आहेत की लेखकाचे. नावे ओळखण्यास व उच्चारण्यास ते मदत करते की नाही. स्थळाची दिशा व अंतर ते देते की केवळ स्तुती करते. त्याची माहिती कोणत्या वर्षापर्यंत तपासलेली आहे. आणि त्याचा गृहीत वाचक प्रत्यक्ष वाचकाच्या किती जवळचा आहे. पहिल्या चार निकषांवर एखादी अलीकडची इंग्रजी मार्गदर्शिका बहुतांशी उतरू शकेल. पाचव्या निकषावर ती जळगाव जामोदच्या वाचकाला अपुरी पडणारच, आणि इंग्रजी सफाईने न वाचता येणाऱ्या आईवडिलांना तर पहिल्या चारांचाही लाभ होणार नाही.

तोपर्यंत करावयाचे काय? विद्यार्थ्याने सुधारित आवृत्तीची इंग्रजी मार्गदर्शिका घ्यावी व तिच्या समासात मराठी वाचकाचे पत्ते स्वतः लिहावेत. आईवडिलांसाठी मुलांनी एक वही करावी. घराचा पत्ता टपाल विभागासह, स्थानकाचे नाव कानाच्या व डोळ्याच्या अशा दोन्ही रूपांत, घराकडे परतताना कोणत्या दिशेचा फलाट, चालत जाण्याजोगी चार ठिकाणे व तेथे बसण्याची जागा, एवढे त्या वहीत असले तरी पुष्कळ झाले. तत्त्वतः ही वही ‘स्थानपोथी’च्या जातीचीच आहे : स्वतः गेलेल्याने, नंतर येणाऱ्यासाठी, विशेषणे न वापरता लिहिलेली.

अशा वह्या एकत्र करून, तपासून, दर दोन-तीन वर्षांनी सुधारून छापणे हे विद्यापीठाच्या मराठी विभागाला न शोभणारे काम आहे असे कोणास वाटू नये. स्थलनामांचे लिप्यंतर, विध्यर्थाचा नेमका वापर, दिशावाचक शब्दांची बोलींतील रूपे हे सारे भाषाभ्यासाचेच विषय आहेत. पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी त्यांतील प्रत्येक विषय पुरेसा आहे. ज्या भाषेने चौदाव्या शतकात दुसऱ्याला नेमक्या ओट्यापर्यंत पोहोचविण्याचे गद्य सिद्ध केले, त्या भाषेत लंडनच्या एका फलाटापर्यंत पोहोचविणारे पुस्तक आज सहज मिळू नये, ही उणीव भाषेची नाही. ती अभ्यासकांच्या दुर्लक्षाची आहे, आणि म्हणूनच ती दूर करण्याजोगी आहे.